जुन्या यंत्रांचा जामीन

गेल्या पंधरवड्यांत मजकडे दोन पत्रें आलीं आणि दोन्हींचा विषय योगायोगानें एकच निघाला. पहिलें आमच्या घरांतील पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राच्या कंपनीकडून मोबाइलवर आलें. आमचा 'वार्षिक देखभाल करार' येत्या तीस तारखेस संपत असून, तो त्वरित नवा करून आम्हीं निश्चिंत व्हावें, असा त्याचा आशय. दुसरें माझ्या पुतणीचें. ती लग्नानंतर अमेरिकेंत, न्यू जर्सी राज्यांतील एडिसन येथें राहते. तिनें लिहिलें आहे, "काका, आमच्या सबंध घराचा 'होम वॉरंटी'चा करार यंदा पुन्हां करावा कीं नाहीं, ह्यावरून आमच्या दोघांत आठ दिवस वाद चालला आहे. ह्यांचें म्हणणें करावा, माझें म्हणणें नको. तुम्ही मुलांकडून व्याजाचीं गणितें करून घेत होतां, तेव्हां निकाल तुम्हींच द्यावा."

वस्तुतः मी शाळेंत संस्कृत शिकवीत असें. गणिताचे मास्तर रजेवर गेले म्हणजे त्यांचा तास मजकडे येई, एवढाच माझा व्याजाशीं संबंध. परंतु मुलगी काकाला अधिकारी समजते, तेव्हां प्रश्न टाळतां येत नाहीं. आणि तो केवळ तिचाच आहे असेंही नाहीं. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर इत्यादि मंडळी दहा-बारा वर्षें नांदत आहेत, त्यांच्या कपाटाच्या कोणत्या तरी खणांत अशा करारांच्या पावत्यांचा एक गठ्ठा असतोच. तो सोडून वाचण्याचा प्रसंग मात्र बहुधा यंत्र बंद पडल्यावरच येतो.

प्रथम शब्दाचा विचार करूं. जुनी संवय आहे, वाचकांनीं क्षमा करावी. 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' हे दोन्ही शब्द मूळचे एकच. एक उत्तर फ्रान्सच्या बोलींतून इंग्रजींत आला, दुसरा मध्य फ्रान्सच्या. अर्थ रक्षण करण्याचा, जामीन राहण्याचा. आपल्याकडे ह्याच अर्थाला 'क्षेम' असा नेमका शब्द आहे. नसलेलें मिळविणें हा योग, मिळालेलें राखणें हा क्षेम. आयुर्विमा महामंडळानें आपल्या बोधवाक्यासाठीं गीतेंतील योगक्षेमाचेंच वचन घेतलें आहे. संसारांत योगापेक्षां क्षेमाचाच खर्च अधिक, हें ज्यानें एकदां घर चालविलें त्याला निराळें सांगावयास नको.

आतां व्यवहार. वस्तु विकत घेतांना निर्माता जी हमी देतो ती किंमतींतच आलेली असते. तिच्याविषयीं वाद नाहीं. ती संपल्यावर दरसाल पैसे भरून जो करार घ्यावयाचा, तो म्हणजे एक स्वतंत्र विकाऊ वस्तु आहे. त्यावर शेंकडा १८ प्रमाणें जीएसटीही पडतो. त्याचे सामान्यतः दोन प्रकार असतात. एकांत केवळ माणूस येतो, यंत्र पुसूनपासून, तपासून जातो आणि कांहीं बदलावें लागल्यास त्याचे पैसे निराळे घेतो. दुसऱ्यांत सुटे भागही येतात. आमच्यासारखे लोक पहिल्याचे पैसे भरतात आणि मनांत दुसऱ्याची आशा धरतात; तंटे बहुतेक तेथूनच उत्पन्न होतात.

दुसऱ्या प्रकारांतही बारीक टाइपांत एक यादी असते. रबर, प्लास्टिक, काच, गंज, उंदरांनीं कुरतडलेल्या तारा, विजेच्या दाबांतील चढउतार, नेहमींच्या वापरानें होणारी झीज आणि नैसर्गिक आपत्ति, ह्यांपासून होणारी हानि करारांत धरलेली नाहीं. फ्रिजच्या डब्यावर 'काँप्रेसरला दहा वर्षें' असें ठळक छापलेलें असतें. तें खोटें नसतें. पण तें पुष्कळदां काँप्रेसर नांवाच्या त्या एका भागापुरतेंच असतें, गॅस भरण्याचा आणि मजुरीचा खर्च आपला. म्हाताऱ्या यंत्राला मरण येतें तें कशानें? गंजानें, झिजेनें, वाळलेल्या रबरानें आणि फुटलेल्या नळीनें. म्हणजे जीं दुखणीं त्याला होणार, तींच औषधोपचारांतून वगळलेलीं!

आमच्या घरचा हिशेब सांगतों. घर सांगलीस, गांवभागांत, माणसें बारा. मातोश्री, आम्ही दोघे बंधु, आमच्या दोघांच्या सौभाग्यवती, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडें. २०१२ पासून २०१८ पर्यंत सात वर्षें आम्हीं फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर आणि इन्व्हर्टर अशा चार वस्तूंचे करार न चुकतां केले. दरसाल सरासरी ५,९०० रुपये, एकूण ४१,३०० रुपये. ह्या अवधींत जे भाग कराराखालीं बदलून मिळाले व जी दुरुस्ती झाली, तिचा बाजारभावानें हिशेब माझ्या धाकट्या बंधूंनीं मांडला. तो कसाबसा १४,००० रुपयांपर्यंत गेला. उरलेल्या सत्तावीस हजारांत काय विकत घेतलें, तर निश्चिंतता. ती तरी मिळाली का, तें पुढें पाहा.

२०१९ च्या जुलै महिन्याच्या आरंभीं करार नवे केले. पांच-सहा आठवड्यांनीं, ऑगस्टांत, कृष्णेचें पाणी गांवभागांत शिरलें. मातोश्रींना खुर्चीवर बसवून आम्हीं वेळींच बाहेर काढलें आणि विश्रामबागेंत मेहुण्यांकडे नेलें. पाणी उतरल्यावर परत येऊन पाहतों तों फ्रिज माजघरांतून तरंगत जाऊन देवघराच्या दारांत उताणा पडलेला. वॉशिंग मशीनमध्यें बोटभर गाळ. इन्व्हर्टरची बॅटरी चिखलाखालीं. मीं पावत्या घेऊन कंपनीस दूरध्वनि केला. समोरच्या मुलीनें अत्यंत विनयानें करारांतील नववें कलम वाचून दाखविलें. त्यांत लबाडी कांहींच नव्हती. कलम छापलेलेंच होतें. समासाचा विग्रह केल्यावांचून पुढें जाऊं नये असें ज्यानें पस्तीस वर्षें मुलांना बजावलें, त्यानेंच सात वर्षें तें कलम वाचलें नव्हतें.

येथें एक भेद ध्यानांत आला, तो पूर्वीं आला असता तर बरें झालें असतें. करार म्हणजे विमा नव्हे. महापूर, आग, भूकंप ह्यांचें भय ज्यास असेल त्यानें विम्याकडे जावें. विमा नियामक प्राधिकरणानें 'भारत गृह रक्षा' ह्या नांवाची एका ठरीव नमुन्याची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सुरू करविली आहे. तींत घराबरोबर आंतील सामानाचाही विमा होतो. नदीकाठच्या घरांनीं ती अवश्य पाहावी. विमा आहे तो घर बुडविणाऱ्या संकटासाठीं. गीझरची कॉइल जळणें हें संकट नव्हे, खर्च आहे.

आणि खर्चासाठीं जामीन कशाला हवा? करार विकणारा धर्मादाय चालवीत नाहीं. शंभर घरांत सरासरी किती दुरुस्त्या निघतात हें तो आपल्याहून अधिक जाणतो. तेवढा पैसा, शिवाय नोकरांचा पगार, जाहिरात, कर आणि नफा इतकें मिळून तो आपली रक्कम ठरवितो. तेव्हां शंभर घरें मिळून पाहिलीं तर तीं भरतात तितकें त्यांना परत मिळणें शक्य नाहीं. ज्याला चार हजारांचा अकस्मात् खर्च पेलत नाहीं, त्यानें हा अधिक भार सोसावा. ज्याला पेलतो त्यानें कां सोसावा? आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांना तर मला विशेषच नवल वाटतें. चार मिळवत्यांनीं एका पेटींत पैसे टाकावे आणि ज्याचें अडेल त्याचें त्यांतून भागवावें, हीच तर आपल्या घरांची मूळ घडण. कंपनी हजार अनोळखी माणसांकडून जें करविते, तें आपल्या आजोबांनीं ओसरीवर बसून केलें. एकत्र राहण्याच्या कटकटी सगळ्या सोसावयाच्या आणि त्याचा हा लाभ मात्र दुसऱ्याकडून विकत घ्यावयाचा, हें कोणतें शहाणपण!

आणखी एक गोष्ट. यंत्राचें वय माणसासारखेंच आहे. बाळपणीं दुखणीं असतात, म्हातारपणीं असतात, मधलीं वर्षें सुखाचीं. बाळपण निर्मात्याच्या हमींत जातें. वस्तु घेतांना दुकानदार जी 'वाढीव वॉरंटी' गळ्यांत बांधतो, ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून पांचव्यापर्यंतची; म्हणजे तरुण गड्याला वैद्य ठेवण्यासारखें. खरें वार्धक्य आलें कीं तोच विक्रेता रक्कम वाढवितो किंवा 'हें मॉडेल आतां करारांत बसत नाहीं' म्हणून हात झटकतो. पंधरा वर्षांच्या यंत्राला दुरुस्तीपेक्षां निवृत्तीच अधिक शोभते, आणि निवृत्तीचा खर्च कोणताही करार सहसा पुरता उचलीत नाहीं.

हाच अनुभव पुतणीला सात समुद्रांपलीकडे आला. तेथील 'होम वॉरंटी' एका यंत्राची नसून सबंध घराच्या यंत्रणेची असते: घर ऊब ठेवणारी भट्टी, पाण्याची टाकी, नळ, विजेच्या तारा, थंड हवेचें यंत्र, सारें एका कागदावर. नांव वॉरंटी असलें तरी तो निर्मात्याचा जामीन नव्हे. आपल्याकडल्यासारखाच सेवेचा करार. जुनें घर विकतांना विकणारा पुष्कळदां पहिल्या वर्षाचा करार स्वतःच्या पैशानें करून देतो, म्हणजे घेणाऱ्याला धीर येतो. पुतणीचें घर साठ वर्षांचें. तिलाही तो तसाच मिळाला. पुढें चार वर्षें तिनें दरसाल ६०० डॉलर भरले. शिवाय कारागीर घरीं आला कीं दर भेटीस १०० डॉलर. अशा चार भेटी झाल्या. एकूण २,८०० डॉलर. मोबदल्यांत तीन किरकोळ दुरुस्त्या, आणि गेल्या जानेवारींत भट्टी निकामी झाली तेव्हां करारांतील कमाल मर्यादेइतके, म्हणजे २,००० डॉलर. नवी भट्टी पडली ६,००० डॉलरना.

नुसते अंक पाहिले तर येथें फारशी लूट दिसत नाहीं, हें मला कबूल केलें पाहिजे. जांवईबापू तेंच म्हणतात, आणि वर विचारतात, "करार नसता तर हे पैसे आपण बाजूला ठेवले असते का?" प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे. बहुतेक घरांत ते ठेवले जात नाहींत, सहलींत जातात.

परंतु पुतणीचा राग पैशांचा नाहीं. भट्टी बंद पडली तेव्हां बाहेर शून्याखालीं थंडी आणि घरांत आठ महिन्यांचें मूल. रस्त्यापलीकडे राहणारा ओळखीचा कारागीर त्याच संध्याकाळीं यावयास तयार होता; पण करारांत अट अशी कीं कंपनीनें नेमलेलाच माणूस आला पाहिजे, परभारें काम करविल्यास पैसे मिळणार नाहींत. कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशीं आला. आंतील पत्र्याला तडा गेला आहे, विषारी वायु घरांत शिरण्याचें भय आहे, म्हणून त्यानें भट्टी कायमची बंद केली. मग छायाचित्रें, अहवाल, मंजुरी. तीन रात्री हीं मंडळी मैत्रिणीच्या घरीं जमिनीवर निजलीं. ह्या तीन रात्री करारानेंच दिल्या. हातीं कागद नसता तर पहिल्याच संध्याकाळीं त्यांनीं शेजारच्या कारागिराला हांक मारली असती.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील चौथ्या अधिकरणाचा पहिला अध्याय कारागिरांपासून लोकांचें रक्षण कसें करावें ह्याविषयींच आहे. कारागिरानें काम घेतांना स्थळ, काळ आणि कार्य हीं तिन्ही निश्चित केलेलीं असावींत. वेळ टळल्यास त्याचें वेतन चतुर्थांशानें कमी व्हावें आणि त्याच्या दुप्पट दंड बसावा, अशी तेथें आज्ञा आहे. आमच्या गठ्ठ्यांतील पावत्या मीं ह्या दृष्टीनें पुन्हां चाळल्या. स्थळ आहे, कार्य मोघम आहे, काळ कोठेंच नाहीं. 'शक्य तितक्या लौकर' ह्या तीन शब्दांवर एकही कंपनी पुढें जात नाहीं. तेव्हां करार करणेंच झालें, तर किती तासांत माणूस येईल आणि कोणकोणते भाग मिळतील हें लेखी मागावें. कबूल करून न दिल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं आपण राहतों त्या जिल्ह्यांतच तक्रार करतां येते, आणि पांच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिची फी नाहीं. १९१५ ह्या क्रमांकावर तत्पूर्वीं सल्लाही मिळतो.

आतां जी गोष्ट सांगण्यासाठीं हा लेख घेतला ती सांगतों. २०२२ च्या मार्गशीर्षांत एके सकाळीं मातोश्री न्हाणीघरांतून हांक मारूं लागल्या कीं नळाला हात लावला म्हणजे मुंग्या येतात. वय शहाऐंशीं, आम्हांस वाटलें, थंडीनें हात बधिर झाला असेल. सूनबाई मात्र म्हणाल्या, "मामंजी, मलाही परवां तसेंच वाटलें होतें, पण मी बोललें नाहीं." गीझर नवा घेतल्यापासून त्याचा करार आम्हीं पुन्हां केलेला होता आणि कंपनीचा मुलगा तीनच आठवड्यांपूर्वीं येऊन, कॉइलवरचा क्षार काढून, 'ठीक' असा शेरा लिहून गेला होता. मीं आमच्या वडिलांच्या वेळेपासून येणाऱ्या वायरमनला बोलाविलें. त्यानें टेस्टर नळाला लावला; आंतील दिवा मंद उजळला. तो कांहीं न बोलतां मेन स्विच बंद करून परसांत गेला आणि तुळशीवृंदावनामागें जमीन खणूं लागला. अर्थिंगची तार महापुराच्या गाळांत गंजून तुटली होती. म्हणजे तीन वर्षें आमच्या घरांतील प्रत्येक यंत्राचा तिसरा पाय हवेंत होता. गीझरच्या कॉइलमधून वीज किंचित् पाझरूं लागली, आणि तिला भुईंत जावयास वाट नाहीं म्हणून ती पाण्यावाटे मातोश्रींच्या हातापर्यंत आली.

कंपनीच्या मुलाला मी दोष देत नाहीं. त्याचा करार गीझरशीं होता, भिंतीशीं नव्हता. आम्हीं दहा वर्षें एकेका यंत्राला जामीन शोधला. पण घरांत सर्वांत जुनें जें होतें, भिंतींतल्या तारा आणि परसांतली ती अर्थिंगची पट्टी, त्यांची कोणी विचारपूसही केली नाहीं. वायरमननें नवी अर्थिंग करून दिली, आणि मेनजवळ एक छोटें उपकरण बसविलें. त्याला शास्त्रीय नांव आरसीसीबी. तो मात्र अद्याप ईएलसीबीच म्हणतो. तीस मिलिअँपिअर इतकी अल्प वीज वाट चुकली तरी तें क्षणार्धांत प्रवाह तोडतें. उपकरण व मजुरी मिळून साडेतीन हजार रुपये लागले. त्यावर असलेलें तपासणीचें बटण मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दाबून पाहतों. घरांतले दिवे जातात, नातवंडें ओरडतात, आणि मला बरें वाटतें.

मग करार सर्वथा त्याज्य का? तसें नाहीं. अपार्टमेंटच्या लिफ्टला नियमित देखभाल हीच सुरक्षितता. तेथें काटकसर करूं नये. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांत जाळ्या ठराविक काळानें बदलाव्याच लागतात. तो करार म्हणजे जाळ्यांची आगाऊ खरेदी, तेव्हां सुट्या जाळ्यांचा भाव विचारावा आणि तुलना करावी. आमचें एक स्नेही पतिपत्नी मिरजेस दोघेंच राहतात, मुलगा परदेशीं. ते सर्व करार करतात. मी एकदां हिशेब सांगूं लागलों तेव्हां वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आम्ही दुरुस्तीचे पैसे देतच नाहीं. हांक मारल्यावर कोणी तरी दार वाजवितो, त्याचे देतों." त्यावर मजपाशीं उत्तर नव्हतें, आणि आतांही नाहीं.

पुतणीला मीं लिहिलें आहे कीं भट्टी नवी आहे, तिला निर्मात्याची हमी आहे, तेव्हां यंदा करार नको. पण जांवईबापूंच्या प्रश्नाचा मान राखून दरमहा पन्नास डॉलर निराळ्या खात्यांत टाकावे आणि त्यांना सहलीचा वारा लागूं देऊं नये. रस्त्यापलीकडच्या कारागिराला दिवाळीचा फराळही पाठवावा. इकडे आम्हीं पाण्याच्या यंत्राचा करार जाळ्यांचा भाव पाहून नवा केला, बाकीचे सोडले. जे वांचले त्यांत आणखी भर घालून मातोश्रींच्या खोलींतल्या चाळीस वर्षांच्या तारा बदलण्याचें ठरलें आहे. वायरमन गुरुवारीं येणार. मातोश्रींनीं एवढेंच विचारलें कीं पितळी बटणें असलेला तो जुना लाकडी बोर्ड टाकून देणार कीं काय. वडिलांनीं तो स्वतः उभें राहून बसवून घेतला होता. वायरमन म्हणाला, "आजी, त्यांतली वीज काढतों, बोर्ड तिथेंच ठेवतों."